मागची बाजू बघ

प्रिय लेकी,

दुकानात पाहिलेल्या त्या ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्राचा तू पाठवलेला फोटो मिळाला. ‘मावशी, घेऊ का?’ एवढंच विचारलंस. ठिपके सुरेख आहेत. पण कॅनव्हास उलटून पाहिलास का?

हसू नकोस. मेलबर्नला आले त्या वर्षी मीही एका दुकानातून कासवाचं चित्र उचललं होतं. मागे ना काढणाऱ्याचं नाव, ना गावाचं. नुसती किमतीची चिठ्ठी. ते कुणी काढलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. माळ्यावर पडून आहे. फेकवत नाही आणि भिंतीवर लावावंसंही वाटत नाही.

मागे कलाकाराचं नाव, आर्ट सेंटरचं नाव आणि नोंदीचा क्रमांक हवा. आर्ट सेंटर म्हणजे त्या त्या वस्तीतल्या कलाकारांचीच संस्था. रंग-कॅनव्हास तीच पुरवते, विक्री तीच करते, हिशोबही ठेवते. ठिपक्यांच्या या कॅनव्हास-चित्रांची सुरुवात पापुन्याची. मध्य ऑस्ट्रेलियात, ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या पश्चिमेला सरकारने वेगवेगळ्या भाषांची माणसं आणून वसवलेलं गाव. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या जाणत्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. पुढच्याच वर्षी ‘पापुन्या तुला’ ही कलाकारांची कंपनी उभी राहिली. सुरुवातीला फळ्यांवर काढलेल्या चित्रांत विधींतल्या गुप्त गोष्टी उघड झाल्या म्हणून त्यांच्याच लोकांनी हरकत घेतली, आणि पुढे त्या गोष्टी चित्रांतून वगळल्या गेल्या. म्हणून सांगते, ‘याचा अर्थ काय?’ असं खोदून खोदून विचारू नकोस. सांगण्याजोगं असेल तेवढं ते सांगतात. शिवाय कुठली कथा कुणी रंगवायची हे नात्याने आणि जमिनीच्या हक्काने ठरतं. आवडली म्हणून कुणीही काढत नाही.

तिथलेच एक चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी, त्यांचं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र १९७७ चं. तेव्हा ते १,२०० डॉलरला गेलं. २००७ मध्ये लिलावात त्याला २४ लाख डॉलर आले, आणि चित्रकार २००२ मध्येच गेलेले. असे किस्से साठत गेले. शेवटी २०१० पासून कायदा आला: हजार डॉलर किंवा जास्त किमतीच्या पुनर्विक्रीत पाच टक्के कलाकाराला, त्याच्यामागे वारसांना. (‘जापाल्जारी’ला आडनाव समजू नकोस हं. नात्यांच्या व्यवस्थेतला तो गट आहे, त्यामुळे अनेक चित्रकारांच्या नावात तो दिसेल.)

एमिली काम उंग्वारे हिची चित्रं मात्र सवडीने बघ. मध्य ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया नावाच्या भागातली ही बाई आधी बाटिक करायची. कॅनव्हासवर आली तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होती, आणि १९९६ मध्ये जाईपर्यंतच्या जेमतेम आठ वर्षांत तिने हजारो चित्रं काढली. नावातलं ‘काम’ म्हणजे तिथल्या एका कंदाचं बी. आपल्या ‘कामा’शी त्याचा संबंध नाही, पण मला प्रत्येक वेळी गंमत वाटते. तिची चित्रं म्हणजे नुसती नक्षी नव्हे, तो तिचा मुलूख आहे. ती जमिनीवर पसरून, चारही बाजूंनी बसून रंगवलेली. वरची बाजू कुठली, हा आपला प्रश्न.

वारलीचे शिक्के मारलेले कप आपण सर्रास वापरतो. त्यावर काढणाऱ्याचं नाव कधी शोधलंस? मी तरी नव्हतं शोधलं.

तुझ्या पगारात मोठं चित्र बसणार नाही, आणि बसवूही नकोस. काहीशे डॉलरमध्ये आर्ट सेंटरचं छोटं, अस्सल काम मिळतं. ऑगस्टमध्ये डार्विनला आर्ट फेअर भरते, तिथे आर्ट सेंटर्स स्वतः येतात. घासाघीस करू नकोस. उद्या भाव वाढेल म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. त्यापेक्षा सोनं घे. आणि कलाकार वारला असेल तर काही वस्त्यांत त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. आधी विचारत जा.

आता त्या दुकानात परत जा, चित्र उलट आणि मागच्या बाजूचा फोटो पाठव. मग बोलू.

तुझी,
मावशी