म्हातारी मांजर वाळत चालली आहे

प्रश्न : आमची मांजर १५ वर्षांची आहे. अलीकडे ती सारखी पाणी पिते, लघवीही पुष्कळ करते आणि नीट खात असूनही वाळत चालली आहे. हे वयामुळेच असेल का?

उत्तर : वयाचा परिणाम म्हणून हे कृपया सोडून देऊ नका. उतारवयात अशी लक्षणे बहुधा मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह किंवा थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता यांमुळे दिसतात आणि बाहेरून हे विकार सारखेच भासत असल्याने रक्त व लघवीची तपासणी करून रक्तदाबही मोजून घेणे आवश्यक आहे. भूक शाबूत असताना वजन उतरणे हे थायरॉइड किंवा मधुमेहाकडे अधिक बोट दाखवते, मात्र दोन विकार एकत्रही असू शकतात. थायरॉइड औषधांनी आटोक्यात राहते; मूत्रपिंडाची झीज भरून येत नसली, तरी कमी फॉस्फरसच्या विशेष आहाराने तिचा वेग बराच कमी करता येतो.

लघवी कमी व्हावी म्हणून तिचे पाणी कधीही तोडू नका. माणसांची वेदनाशामके तर देऊच नका, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिने खाणे सोडलेच, तर यकृतात चरबी साठण्याचा धोका असल्याने एका दिवसाच्या आत पशुवैद्यांना गाठा.