भरतीसाठी रोज १६०० मीटर पळतोय, नडगी दुखते, पळणं बंद करू का?

पूर्ण बंद नको, पण रोज डांबरी रोडवर फुल स्पीडने पळणं आजच थांबव. आधी एक चेक कर, नडगीच्या आतल्या कडेने वरून खाली बोटाने दाबत जा, चार-पाच बोटं लांब पट्टा दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट (जास्त पळण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं) आहे, पण एकाच ठिकाणी बोट टेकवलं की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, एका पायावर उडी मारवत नाही, असं असेल तर सरळ हाडाच्या डॉक्टरकडे जा कारण स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला बारीक तडा) असू शकतं आणि ते सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही.

साधं शिन स्प्लिंट असेल तर दोन-तीन आठवडे सायकल मार म्हणजे दम टिकतो. दुखलं की बर्फ कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं. खरं काम पोटरीचं आहे, पायरीच्या कडेवर उभा राहून टाचा वर-खाली, १५ चे ३ सेट, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, कारण गुडघा वाकवल्यावर लोड जास्त करून पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर येतो आणि तोच सगळे विसरतात. मग मातीच्या ग्राउंडवर दिवसाआड, एक मिनिट पळ एक मिनिट चाल. पेनकिलर खाऊन मात्र पळू नको रे, प्लीज.