लग्नाच्या पंगतीत मित्राला जातीवरून वेगळं बसवलं, आता मी त्याला आधार कसा देऊ?

भाऊ, तुम्ही लिहिलं की तिथं गप्प होतो आन् रात्री त्याच्या घरी जाऊन "वाईट वाटलं यार" म्हणून आलो. खरं सांगू, वाचून डोकं तापलं. तुमच्यावर नाही, एका जुन्या माणसावर.

माझी माय जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. २०११ ची गोष्ट, मी सहावीत. महिन्याला १००० रुपये मानधन, तेही थकलेलं. काम आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाईकडं आलं आन् दुसऱ्याच आठवड्यात वरच्या गल्लीतली लेकरं घरून डबे आणू लागली. तोंडानं कोणी काही म्हटलं नाही, फक्त डबे वाढत गेले. दुपारी अर्धं पातेलं उरायचं, माय खाली बसून खरवड काढत राहायची, तिला विचारलं तरी बोलायची नाही.

शाळेत चव रजिस्टर असते. लेकरांना वाढायच्या आधी मास्तरनं खाऊन पाहायचं, मग नोंद करायची. आमचे हेडमास्तर रोज लिहायचे 'चव उत्तम'. अक्षर मोत्यासारखं. चमचाभर कधी तोंडात घातली नाही, मला माहीत आहे कारण ते रजिस्टर ने-आण करायचं काम माझंच होतं. आन् हाच माणूस संध्याकाळी आमच्या दारापुढं गाडी थांबवून मायला म्हणे, "बाई, मनावर नका घेऊ, लोक अडाणी हायेत." दिवाळीला साडीही दिली. माझा मामा अजून म्हणते, सर देवमाणूस होते.

काम केलं ते एका म्हाताऱ्यानं. वरच्या गल्लीतलाच, ट्रॅक्टरवाला, तोंडानं शिवराळ, आमच्याशी कधी धड बोलला नाही. शाळेच्या समितीत होता, रजिस्टर चाळलं असंल. एका दुपारी आला, नातवाच्या हातातला डबा घेतला, ओसरीवर बसून त्यातली पोळी-भाजी स्वतःच खाल्ली आन् म्हणे, "जाय, ताट घेऊन बस लाईनीत. मास्तर, तुमीबी बसा, रोज चव उत्तम लिवून राहिले ना?" मास्तर बसले. काय करतील! पुढच्या आठवड्यात पाच-सहाच डबे उरले. दोन घरं शेवटपर्यंत हटली नाहीत, ते पण सांगतो.

आता तुमचं. मित्र अनुसूचित जाती-जमातीचा असंल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, शिवाय अस्पृश्यतेवर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. एफआयआर आधी चौकशी करू मग घेऊ असं ठाण्यात म्हणतील, तसं चालत नाही, अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. तपास डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. हेल्पलाईन १४५६६. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, एससी-एसटीला उत्पन्नाची अट नाही. पण हे सारं साक्षीदारावर अडते. पंगतीत दोनशे लोक होते ना, ठाण्यात किती येतील? तुम्ही जा. तुमच्या समाजाचा माणूस साक्षीला उभा राहिला की केसचं वजनच बदलते. नाही जमत तर निदान त्याच घरच्या पुढच्या पंगतीत त्याच्या बाजूला बसा, सगळ्यांसमोर.

अन् हो, हे खरं तर आधी लिहायला पाहिजे होतं, तक्रार करायची का हे त्यालाच विचारा. त्याची मजुरी कोणाच्या वावरात आहे, उधारी कोणत्या किराण्यात आहे हे तुम्हाला माहीत नसते. सारं गाव मिळून त्याला वाळीत टाकायला निघालं तर तोही अॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हाच आहे, पण पोट त्याचं, तुमचं नाही.

मामाचं म्हणणं, सर उघड बोलले असते तर बदली झाली असती. झाली असती तर झाली असती ना मामा! एक घास तर खायचा होता, बोल म्हणून कोण म्हणत होतं? ती साडी हिरवी होती, मायनं एकदाबी नेसली नाही, गोधडीला लावली.