ओव्हनशिवाय ट्रफल्स: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चॉकलेट आणि फळांची ट्रफल्स, म्हणजे हाताने वळलेले मऊ गोळे, घरी करून पाहणाऱ्यांची बरीच पत्रं आली आहेत. ओव्हन लागत नाही, गॅसही जेमतेम पाच-दहा मिनिटं पेटवावा लागतो, त्यामुळे हा प्रकार सोपा वाटतो आणि तो सोपा आहेही. पण पत्रांतल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे पाणी. कुठे क्रीममधलं, कुठे फळातलं, कुठे वाफेचं, तर कुठे हवेतलं.

200 ग्रॅम डार्क चॉकलेटला 200 मिलीचं क्रीमचं अख्खं पाकीट घातलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही गोळे वळता येत नाहीत, मिश्रण हाताला चिकटतं. काय चुकलं? (वाचक, डोंबिवली)

प्रमाण चुकलं. चॉकलेट आणि क्रीम समसमान घेतलं की केकवर ओतायचं गनाश (चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) तयार होतं, वळायचं नाही. ट्रफलसाठी वजनाने डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग घ्यायचं. मिल्क चॉकलेट असेल तर अडीच भागांना एक, व्हाइट असेल तर तीन भागांना एक. डार्कमध्ये कोको जास्त असतो, म्हणून ते जास्त क्रीम घेऊनही घट्ट बसतं. व्हाइटमध्ये कोकोचा कोरडा भाग नसतोच, त्यामुळे ते लवकर सैल पडतं.

आणखी एक गोष्ट. परदेशी कृतींमध्ये 35 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं क्रीम गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडचं पाकिटातलं फ्रेश क्रीम बहुधा 25 टक्क्यांचं असतं, म्हणजे त्यात पाणी जास्त. म्हणून 200 ग्रॅम डार्क चॉकलेटला 100 ऐवजी 90 ग्रॅमच क्रीम घ्या. मोजताना कप नको, वजनकाटा वापरा. चिरलेलं चॉकलेट कपात कधी दाबून बसतं, कधी मोकळं राहतं.

चॉकलेट बारीक चिरा, मोठे तुकडे मागे राहतात. जाड बुडाच्या भांड्यात क्रीम मंद आचेवर तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा, खळखळून उकळू देऊ नका. ते चॉकलेटवर ओता आणि 2 मिनिटं अजिबात हात लावू नका. मग स्पॅच्युलाने मधोमध छोटी वर्तुळं काढत ढवळायला सुरुवात करा आणि हळूहळू कडेकडे जा. आधी मिश्रण फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका. मधला भाग चकाकू लागला की तीच चकाकी बाहेर पसरत जाते. कोमट झाल्यावर 10 ग्रॅम बिनमिठाचं बटर मिसळा. क्लिंग फिल्म मिश्रणाला टेकेल अशी झाका, म्हणजे वर थेंब साचत नाहीत. तासभर बाहेर आणि 2 तास फ्रीजमध्ये ठेवा.

वळताना चमच्याने 14-15 ग्रॅमचे ढीग बटर पेपरवर काढून पुन्हा 15 मिनिटं गार करा. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि तळहात जवळपास तितकाच गरम असतो. म्हणून हात नळाखाली गार करून पूर्ण कोरडे पुसा, तळव्यांना कोको पावडर लावा आणि दोन-तीन फेऱ्यांत गोळा वळून सोडून द्या. या मापात साधारण 20 ट्रफल्स होतात.

तुमचं सध्याचं मिश्रण फुकट गेलेलं नाही. ते गरम पाण्यावर हलकं सैल करा, त्यात आणखी 200 ते 225 ग्रॅम वितळवलेलं डार्क चॉकलेट मिसळा आणि परत थंड करा.

दुकानात कंपाउंड चॉकलेट स्वस्त मिळतं. ते चालेल का? (वाचक, सांगली)

वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. स्निग्ध पदार्थ म्हणून फक्त कोको बटर असेल तर ते अस्सल चॉकलेट. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा पाम कर्नल तेल असेल तर कंपाउंड. कंपाउंडची सोय अशी की ते वितळवून ओतलं की आपोआप कडक आणि चकचकीत बसतं. पण टाळूला मेणचट लागतं.

आमचा सल्ला असा की आतलं गनाश अस्सल चॉकलेटचं करा, कारण चव तिथे आहे. बाहेरच्या पातळ कवचाला, हाताशी थर्मामीटर नसेल तर, कंपाउंड वापरा. ही ट्रफल्स 5-6 दिवसांत संपवा, जास्त दिवस ठेवली तर आतली आणि बाहेरची स्निग्धता एकमेकांत उतरून कवच मऊ पडतं. त्याच कारणाने कवचासाठी दोन्ही चॉकलेटं एकत्र वितळवू नका. कोको बटर आणि पाम कर्नल तेल यांचं जमत नाही. कवच नीट घट्ट होत नाही आणि काही दिवसांत पांढुरकं पडतं.

महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरीचे तुकडे गनाशमध्ये घातले. दुसऱ्या दिवशी गोळ्यांना पाणी सुटलं आणि डब्यात खाली लाल रस साचला. (वाचक, सातारा)

स्ट्रॉबेरीत सुमारे 90 टक्के पाणी असतं. चिरलेल्या फळाभोवती गोड गनाश आलं की त्यातली साखर फळातलं पाणी ओढून घेते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातल्यावर जे होतं, तेच. रस गनाशमध्ये उतरला की गोळा मऊ पडतो आणि तिथेच बुरशी धरते. म्हणून चिरलेलं ताजं फळ गोळ्याच्या आत घालायचंच नाही. स्ट्रॉबेरी वापरायची तर तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आटवण्याचा. 250 ग्रॅम स्ट्रॉबेरी मिक्सरमधून काढा, त्यात 50 ग्रॅम साखर आणि 1 चमचा लिंबाचा रस घाला. मंद आचेवर ढवळत 100 ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत आटवा. रिकाम्या भांड्याचं वजन आधी करून ठेवलं तर अंदाज करत बसावं लागत नाही. काट्याशिवाय ओळखायचं तर उलथन्याने बुडाशी रेघ ओढा. रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली की झालं. पूर्ण गार झाल्यावर हा आटवलेला गर पाव-पाव चमच्याच्या ठिपक्यांनी बटर पेपरवर मांडून फ्रीझरमध्ये कडक करा आणि गनाशचा गोळा वळताना मधोमध एकेक ठेवा. तोंडात फोडल्यावर आंबट-गोड लाल गाभा लागतो. आमच्या मते स्ट्रॉबेरीचं सगळ्यात चांगलं ट्रफल हेच.

दुसरा मार्ग सुक्या स्ट्रॉबेरीचा. फ्रीज-ड्राइड मिळाली तर 10 ग्रॅम चुरून 200 ग्रॅम चॉकलेटच्या गनाशमध्ये घाला. साखरेत मुरवून वाळवलेली असेल तर 40 ग्रॅम घ्या, बारीक चिरा.

तिसरा म्हणजे अख्खं फळ देठासकट वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचं. फळ आदल्या रात्री धुऊन पुसून ठेवा, बुडवताना ते खोलीच्या तापमानाचं आणि खडखडीत कोरडं असू द्या, आणि त्याच दिवशी खा.

अननस, किवी आणि पपई कच्ची असताना क्रीममध्ये घालूच नका. त्यांच्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि मिश्रण कडवट होतं. शिजवल्यावर ती निष्क्रिय होतात, तेव्हा अननस वापरायचा तर साखरेत आटवूनच.

घरची आंबापोळी आणि आटवलेला आमरस आहे. त्याची ट्रफल्स होतील का? (वाचक, रत्नागिरी)

फार छान होतील. आंबापोळीतलं पाणी उन्हानेच काढून टाकलेलं असतं, ट्रफलला हवं ते नेमकं हेच. फणसपोळीही अशीच वापरता येते.

व्हाइट चॉकलेट 300 ग्रॅम, हापूसचा रस 150 ग्रॅम आटवून झालेला 75 ग्रॅम, क्रीम 40 ग्रॅम, आंबापोळी 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ. डबाबंद रस वापरणार असाल तर त्यात बहुधा साखर घातलेली असते. तो आटवताना लवकर लागतो, हात थांबवू नका. व्हाइट चॉकलेट 45 अंशांवर गेलं की रवाळ होऊ लागतं, म्हणून ते गरम पाण्यावर अर्धंमुर्धं वितळलं की खाली उतरवा आणि बाकीचं ढवळून वितळवा. त्यात कोमट क्रीम घालून एकजीव करा, आमरस शेवटी. आंबट रस गरम क्रीममध्ये थेट घातला तर क्रीम फाटतं.

आंबापोळी कात्रीने 3-4 मिलिमीटरचे तुकडे करून घ्या आणि चमचाभर दूध पावडरीत घोळवा, नाहीतर सगळे तुकडे एकमेकांना चिकटून एकाच गोळ्यात जातात. हे मिश्रण फ्रीजमध्ये किमान 4 तास हवं. व्हाइट चॉकलेट मुळातच गोड असल्याने इथे आणखी साखर अजिबात नको. आंबापोळी साखर घालून केलेली असेल तर लिंबाचे चार थेंब घाला. वरून भाजलेल्या खोबऱ्याचा किंवा पिस्त्याचा चुरा.

वितळवताना चॉकलेट अचानक घट्ट, भुसभुशीत गोळा होऊन बसलं. (वाचक, पुणे)

वाफ किंवा पाण्याचा थेंब लागला. चॉकलेटमध्ये साखरेचे बारीक कण स्निग्धतेत तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की ते ओले होऊन एकमेकांना धरतात. खालच्या भांड्यातलं पाणी वरच्या भांड्याला टेकू देऊ नका, पाणी वाफाळतं असावं, उकळतं नको, आणि वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद असावं. लाकडी चमचा ओलसर राहिलेला असू शकतो, सिलिकॉनचा घ्या. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या शक्तीवर 20-20 सेकंद ठेवून दर वेळी ढवळा.

घट्ट झालेलं चॉकलेट कवचासाठी वाया गेलं. पण 60 ग्रॅमला 1 मोठा चमचा या हिशेबाने गरम क्रीम घालून ढवळलं तर ते पुन्हा गुळगुळीत होतं आणि गोळ्याच्या आत चालतं.

गनाशवर तेल तरंगायला लागलं. फेकून द्यावं का? (वाचक, बेळगाव)

नाही. क्रीम फार गरम होतं किंवा त्यातलं पाणी उकळून कमी झालं, त्यामुळे स्निग्धता वेगळी पडली. मिश्रण कोमट असताना चमचाभर कोमट दूध घाला, मधोमध जोरात ढवळा. गरज पडली तर आणखी एक चमचा. हँड ब्लेंडर असेल तर मिश्रणात बुडवून ठेवूनच फिरवा, वर काढला तर हवा शिरते.

सासूबाईंना मधुमेह आहे. साखर न घालता खजुराची ट्रफल्स करून देता येतील का? (वाचक, नाशिक)

करता येतील, पण ती बिनसाखरेची आहेत असं समजून देऊ नका. खजुराच्या वजनात दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त साखरच असते. खालच्या मापातल्या एका गोळ्यात सुमारे 6 ग्रॅम साखर येते, म्हणजे सव्वा ते दीड चमचा. किती आणि कधी, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बिया काढलेला मऊ काळा खजूर 200 ग्रॅम, बदाम 75 ग्रॅम, अक्रोड 50 ग्रॅम, कोको पावडर 20 ग्रॅम, तूप 1 चमचा, मीठ चिमूटभर. बदाम-अक्रोड कढईत मंद आचेवर 6-7 मिनिटं भाजा आणि पूर्ण गार करा. गरम असताना वाटले तर तेल सुटून लगदा होतो. मिक्सर सलग चालवू नका, थांबत थांबत फिरवून रवाळ भरड काढा. खजूर मात्र छोट्या भांड्यात दोन भागांत वाटा, एकदम टाकला तर पात्याभोवती गोळा होऊन मोटर अडते. खजूर कोरडा असेल तर पाण्यात भिजवू नका, 5 मिनिटं वाफवा आणि पसरून गार करा. भिजवलेल्या खजुरातलं पाणी गोळ्यातच राहतं आणि तो लवकर आंबतो. सगळं तुपाच्या हाताने मळा, 15 ग्रॅमचे 23 गोळे होतात. यात क्रीम नसल्याने फ्रीजमध्ये घट्ट डब्यात 2-3 आठवडे टिकतात.

पुरंदरकडचे वाळवलेले अंजीर मिळाले तर निम्मा खजूर कमी करून ते घाला. देठ कापून टाका, तो वाटला जात नाही.

कवच तडकतं, आणि दोन दिवसांत त्यावर पांढरे डाग पडतात. आमच्याकडे मे महिन्यात खोली 38 अंशांवर असते. (वाचक, नागपूर)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळा फ्रीजमधून काढून लगेच बुडवला तर तो खोलीत गरम होताना फुगतो आणि बसत चाललेलं कवच आकसतं, म्हणून तडा जातो. बुडवण्याआधी गोळे 15-20 मिनिटं बाहेर ठेवा.

पांढरे डाग बहुतेक वेळा वर आलेल्या कोको बटरचे असतात. खाण्याला अपाय नाही, पण चकाकी आणि कडकपणा जातो. ते टाळायला चॉकलेट टेम्पर करावं लागतं. 300 ग्रॅम डार्कपैकी 200 ग्रॅम 45 ते 48 अंशांपर्यंत वितळवा, उरलेलं 100 ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घालत 28 अंशांपर्यंत उतरवा, मग अगदी जराशी ऊब देऊन 31-32 वर आणा. मिल्कसाठी शेवटचा आकडा 29-30, व्हाइटसाठी 28-29. सुरीचं टोक बुडवून ठेवा. 5 मिनिटांत चकचकीत बसलं तर गोळे बुडवायला घ्या.

पण हे सगळं 20-22 अंशांच्या खोलीत. 38 अंशांत कोको बटर घट्टच होणार नाही, तिथे कितीही कौशल्य असलं तरी उपयोग नाही. एसी नसेल तर उन्हाळ्यात कवचाच्या वाटेला जाऊ नका, गोळे कोकोत किंवा खोबऱ्यात घोळवा. त्या दिवसांत नागपुरी संत्रं नसेल तर मोसंबीची साल किसून क्रीममध्ये 10 मिनिटं मुरवा आणि गाळून घ्या. फक्त वरचा रंगीत पापुद्रा किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो.

पावसाळ्यात डबा उघडला की ट्रफल्स ओली आणि चिकट होतात. टिकतात तरी किती? (वाचक, मुंबई)

थंड गोळ्यावर दमट हवेतलं पाणी साचतं. डबा फ्रीजमधून काढल्यावर बंदच ठेवा, 20-30 मिनिटांनी उघडा. घोळवलेली कोको पावडर ओलाव्याने काळपट होते, म्हणून शेवटचा कोको वाढण्याच्या आधी लावा.

क्रीमची ट्रफल्स फ्रीजमध्ये 5-6 दिवस, आटवलेल्या फळाचा गाभा असेल तर 3-4 दिवस. बाहेर 2 तासांहून जास्त ठेवू नका. कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवायची असतील तर क्रीमची नकोत, खजुराची पाठवा.

मुलांना गॅसजवळ न जाता करता येईल असं काही? (वाचक, इंदूर)

मारी बिस्किटं 200 ग्रॅम पिशवीत घालून लाटण्याने चुरा. त्यात कोको पावडर 25 ग्रॅम, मऊ बटर 40 ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क 150 ग्रॅम आणि बारीक चिरलेला सुका जर्दाळू किंवा मनुका 50 ग्रॅम. कंडेन्स्ड मिल्क एकदम ओतू देऊ नका. 120 ग्रॅम घालून मळायला लावा, बाकीचं लागेल तसं. बिस्किटं ओलावा शोषत राहतात, त्यामुळे सुरुवातीला जरा सैल वाटणारं मिश्रण 10 मिनिटांत घट्ट होतं, ही 10 मिनिटं थांबायला सांगा. गोळे डेसिकेटेड खोबऱ्यात घोळवून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.