लोकलमध्ये वाचताना आजूबाजूचं बोलणं कधी ऐकूच येत नाही, तर कधी वाचलेलं डोक्यात शिरत नाही. असं का होतं?

कान बंद होत नाहीत. डब्यातला आवाज मेंदूच्या श्रवण-कॉर्टेक्सपर्यंत, म्हणजे आवाज समजून घेणाऱ्या भागापर्यंत, पोचतोच, निवड तिथे होते. 2012 मध्ये मेसगरानी आणि चँग या संशोधकांनी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना दोन माणसांचं बोलणं एकदम ऐकवलं. नोंदींमध्ये प्रामुख्याने लक्ष दिलेल्या माणसाचंच बोलणं उमटलं होतं! 1953 मध्ये संशोधक कॉलिन चेरींनी लोकांच्या दोन कानांत वेगवेगळं बोलणं ऐकवून एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुर्लक्षित कानातला आवाज बाईचा की पुरुषाचा, हे लोकांना कळलं, पण शब्द सांगता आले नाहीत. तरी गाळणी पक्की नसते. त्यातून स्वतःचं नाव काहींना ऐकू येतं.

वाचनाची अडचण वेगळी आहे. मनात वाचतानाही बहुतेकांचा आतला आवाज चालू असतो, आणि बाहेरचं बोलणं त्याच यंत्रणेत घुसतं. म्हणून गाडीच्या खडखडाटापेक्षा समोरच्या बाकावरच्या मराठी गप्पा जास्त नडतात: अर्थ आपोआप लागत जातो. डोळे ओळीवरून सरकतात, पण वाक्य जुळत नाही.

यावर उपाय म्हणून बरेच जण इयरफोनवर गाणी लावतात. ओळखीच्या भाषेतली गाणी असतील तर उलट त्रास वाढतो, कारण तेही शब्दच. त्यापेक्षा पावसाचा किंवा पंख्याचा एकसुरी आवाज लावा, गप्पांचे शब्द पुसट होतील इतपतच मोठा. परिच्छेद संपला की त्यात काय होतं ते एका वाक्यात मनात म्हणा. जमलं नाही, तर तोच परिच्छेद परत वाचा. दादर-ठाण्याच्या चढउतारात अवघड मजकूर काढूच नका.