दशमांश आधी की औषधं?

प्रश्न : आमच्या ह्यांचा पगार झाला, की पहिल्याच रविवारी ते दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चच्या पाकिटात घालतात. पाळकांनी बायबलमधल्या मलाखी ३:१० वरून सांगितलंय, की दशमांश न देणारा देवाला लुबाडतो. आमच्या डोक्यावर कर्ज आहे. महिनाअखेरीला सासूबाईंची औषधं माझ्या भावाकडून उसने घेऊन आणावी लागतात. काही बोललं, की ‘तुझा विश्वास कमी’ असं ऐकून घ्यायचं. दशमांश कपातीआधीच्या पगारावर द्यायचा की हातात येतो त्यावर? आणि कर्ज फिटेपर्यंत कमी दिलं तर पाप लागेल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, कपातीचं आधी संपवू. दोन्ही बाजूंनी वाद घालणारे भेटतील, पण शास्त्रात कपातीचा उल्लेखच नाही. येशूने पुदिना आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजणाऱ्यांना काय सुनावलं, ते मत्तय २३ मध्ये आहे. न्याय, दया, विश्वासूपणा सोडून तुम्ही हे मोजत बसलात, असं तो म्हणाला. पुढे जाऊ.

मलाखीचा तिसरा अध्याय तुमच्या ह्यांनी दहाव्या वचनापासून वाचलेला दिसतो. पाचव्यापासून वाचायला सांगा. मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना नाडणाऱ्यांवर देव तिथे आधीच खवळलेला आहे. शिवाय तो दशमांश भांडारात आणायचा, तो मंदिरात अन्न असावं म्हणून. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४ वा अध्याय वाचलात तर हसू येईल. तिथे माणसाने दशमांश घरच्यांसोबत देवापुढे आनंदाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी (मंदिराची सेवा करणारे, स्वतःची जमीन नसलेले), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा आहे. म्हणजे दुबळ्याच्या ताटात पडावं म्हणूनच तो काढायचा. तुमच्या घरात तो दुबळ्याच्या औषधातून निघतोय.

खरं दुखणं मार्क ७ मध्ये आहे. आईबापांना द्यायचा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असं म्हणून लोक त्यांना हात हलवत पाठवायचे. येशूने त्याला देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. सासूबाई तुमच्या ह्यांच्याच आई ना? मग हा उतारा त्यांनीच वाचावा. तुम्ही वाचून दाखवलात, तर ते सासू-सुनेचं भांडण होईल.

आता माझी गोष्ट. मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो. एका वर्षी इमारतीच्या निधीसाठी सगळ्यांसमोर उभं राहून मोठा आकडा बोललो. टाळ्या पडल्या. तेव्हा मी थोरल्या भावाचे पैसे देणं लागत होतो आणि दोन वर्षं त्याला ‘पुढच्या महिन्यात’ सांगत होतो. तोही त्या दिवशी उपासनेला होता, मागच्या बाकावर. घरी येऊन एवढंच म्हणाला, “पावतीवर माझंही नाव घाल.” मी निधीचे हप्ते थांबवले आणि आधी त्याचे पैसे फेडले. मंडळीत मान खाली घालून सांगावं लागलं, ते टाळ्यांपेक्षा जड गेलं. म्हणून तुमच्या ह्यांना मी दुष्ट समजत नाही. देण्याची त्यांची ओढ खरी असेल. त्यात थोडी भीतीही मिसळलेली असावी, की नाही दिलं तर देव हात आखडता घेईल.

तर कर्ज फिटेपर्यंत कमी दिलं तर चालेल का? चालेल. करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने दुसऱ्या पत्राच्या आठव्या-नवव्या अध्यायात हेच लिहिलं. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी चालू होती. स्वतः कंगाल असलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिलं, याचं त्याला केवढं कौतुक! तरी करिंथकरांना तो आज्ञा करत नाही. माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे त्याचं देणं मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नव्हे, असं म्हणतो. आणि दुसऱ्यांना आराम व तुम्हाला ओढाताण व्हावी असा माझा हेतू नाही, हेही लिहितो.

अगदी बंद मात्र करू नका. हे मी खजिनदार म्हणून नाही, अनुभवाने सांगतो. ‘फिटल्यावर देऊ’ म्हणणाऱ्यांचं कर्ज फिटतं, आणि तोवर नवी गरज उभी राहिलेली असते. थोडं द्या, पण दोघांनी ठरवून द्या.

कर्ज फिटल्यावरचं आत्ताच ठरवून ठेवा. मेथडिस्ट पंथाची सुरुवात करणारे इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाबद्दल सांगत. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असं मानतात. त्याला वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा त्याने २८ वर भागवलं आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० आले. खर्च २८, दिले ३२. मग ९० आले, तरी खर्च तोच. चौथ्या वर्षी १२० आले आणि ९२ दिले. दशमांशाच्या भांडणात हा माणूस पडलाच नसता. तुमच्या घराचा ‘२८’ किती, ते दोघांनी एका संध्याकाळी कागद घेऊन बसून काढा. औषधं त्यात धरा, आणि भावाचे उसनेही.