२.५ सीसीचं ग्लो इंजिन पडून आहे, वर्ध्याजवळ खेड्यात राहतो. कोणतं मॉडेल विमान बांधू?

भाऊ, मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं हे छोटं ग्लो इंजिन कामाचं आहे, पण आधी ते मोकळं करा. इंधनात मिसळलेलं जुनं एरंडेल तेल आत गोंदासारखं धरून बसतं. पान्याने जोर लावू नका. हेअर ड्रायरने गरम करा आणि हाताने हळूहळू फिरवा.

विमान मात्र पंख वर असलेलंच घ्या. पंख टोकापासून टोकापर्यंत ११० ते १२० सेंमी, पंखाची खालची बाजू सपाट, वजन एक किलोच्या आसपास. वजनावरच सगळं ठरतं, म्हणून बाल्सा हे अगदी हलकं लाकूड वापरा. प्लायवूड फक्त इंजिन बसतं तिथे. प्रोपेलर ८ बाय ४ चा, म्हणजे व्यास ८ इंच आणि पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) ४ इंच. लढाऊ विमानाचं मॉडेल झकास दिसतं, पण जड होतं आणि वेग कमी झाला की कोसळतं. पहिल्यांदा नकोच.

चाकं मी लावत नाही. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटल्यावर काळ्या मातीत ढेकळं आणि भेगा राहतात. चाक अडकलं की प्रोपेलर गेलाच. हाताने सोडा, गवतावर पोटावर उतरवा. सोडायला दुसरा माणूस हवाच. उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवा. दुपारच्या ४५ अंशांत हवा विरळ होते, इंजिनाला दम लागतो.